वाड्यातलं भूत कुणाच्या बाजूचं?

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकनिवड समितीवर मी गेली सहा वर्षं आहे. दर तीन महिन्यांनी आम्ही सातजण बसतो, विक्रेत्याने पाठवलेल्या यादीवर खुणा करतो, चहा घेतो आणि उठतो. मागच्या बैठकीत मात्र एकाच पुस्तकावर दीड तास गेला. पुस्तक म्हणजे एक नवी भयकादंबरी. जुना चौसोपी वाडा, कुलूप घातलेली माडी, वारसाहक्काने तिथे राहायला आलेलं तरुण जोडपं आणि रात्री आडावरून येणारा रहाट ओढल्याचा आवाज. वाचकांची मागणी भरपूर होती. एका सदस्याने मात्र ठाम विरोध केला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभं आयुष्य घातलेला माणूस, मला थोरल्या भावासारखा. त्यांचा प्रश्न सरळ होता : "वाचनालय अनुदानावर चालतं. लोकांच्या पैशातून आपण लोकांना भुतं आणून द्यायची का?"

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे आणि शाळकरी वयापासून भयकथा वाचत आलो आहे. या दोन्ही गोष्टींची मला एकमेकींपुढे कधी लाज वाटली नाही. त्यामुळे उत्तर देणं माझ्याकडेच आलं. "गोष्ट आहे, गोष्ट म्हणून वाचावी," असं काहीतरी मी म्हणालो. घरी येताना ते मलाच तोकडं वाटू लागलं. माझ्या मित्राचा प्रश्न त्याहून मोठा होता आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं. ते आज देतो आहे.

आधी त्यांची बाजू पुरती मांडली पाहिजे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये तो विधिमंडळात मंजूर झाला. ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले, तो त्यांच्या मृत्यूनंतर आला. त्या कायद्याची अनुसूची वाचली की अंगावर काटा येतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून तिचं जगणं मुश्किल करणं. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं. अशा गुन्ह्याला किमान 6 महिने आणि जास्तीत जास्त 7 वर्षं शिक्षा आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडे, 'डाकीण' ठरवलेल्या बायकांचे हाल कार्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिलेत. ज्याने ते पाहिलं त्याला भुताची कादंबरी करमणूक म्हणून हातात घेववत नाही, हे मी समजू शकतो.

पण तीच अनुसूची पुन्हा वाचा. भुताची गोष्ट सांगू नका, असं त्यात कुठेही नाही. भूत जिवंत माणसाच्या अंगावर सोडू नका, असं ती सांगते. मांत्रिक दावा करतो : तुझ्या सुनेच्या अंगात अमुक आहे, मला इतके पैसे दे, मी ते काढतो. कादंबरीकार असा दावा करत नाही. तो दाराशीच सांगतो की आत जे आहे ते रचलेलं आहे, आणि वाचक ते कबूल करूनच आत येतो. सहलीत रात्री शेकोटीभोवती माझी आठवीतली मुलं भुतांच्या गोष्टी सांगायची. शेवटी कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, हे खरं असतं का हो?" वर्गात महिनाभर डोकं फोडूनही जो प्रश्न मला त्यांच्या तोंडून काढता येत नसे, तो तिथे आपसूक यायचा. भीतीने त्यांची बुद्धी बंद पडलेली मी कधी पाहिली नाही. उलट कान टवकारलेले पाहिले.

2016 साली सिंधुदुर्गातल्या एका घराण्यावर आणि त्यांच्या वाड्यावर बेतलेली मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हाही हाच वाद झाला होता. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असे आक्षेप आले. आपली चर्चा दरवेळी इथेच येऊन थांबते : भूत दाखवावं की दाखवू नये. मला वाटतं हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. भूत खरं की खोटं, हे वाचक कादंबरीकडून ठरवून घेत नाही. तो दुसरंच काहीतरी घेऊन जातो, आणि तेही नकळत. या घरात जे वाईट घडलं त्याचा दोष कुणाचा, हे कादंबरी त्याच्या मनात रुजवते. तिथे कादंबरीकार चुकला तर होणारं नुकसान भुतावर विश्वास बसण्याहून खोल असतं.

झपाटलेल्या वास्तूची कादंबरी हा प्रकार जिथे जन्मला तिथेच हे दिसतं. 1764 च्या अखेरीस लंडनमध्ये होरेस वॉल्पोलची 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' छापली गेली. आधी ती एका जुन्या इटालियन ग्रंथाचं भाषांतर म्हणून लोकांपुढे आली. दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने आपलं कर्तृत्व कबूल केलं आणि 'गॉथिक' हा शब्द मुखपृष्ठावर आणला. आकाशातून पडलेलं अवाढव्य शिरस्त्राण, चित्राच्या चौकटीतून उतरणारा पूर्वज, रक्ताचे थेंब गाळणारा पुतळा, सगळं तिच्यात आहे. पण या साऱ्या उत्पाताचं कारण काय निघतं? सध्याच्या मालकाच्या आजोबाने खऱ्या मालकाला विष घालून मारलं आणि खोटं मृत्युपत्र करून किल्ला बळकावला. भूत येतं ते आपली मिळकत परत मागायला. आपल्याकडे ज्याने भाऊबंदकीचा एक तरी दावा जवळून पाहिला आहे त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही. झपाटलेला वाडा हा मुळात दिवाणी दावा आहे, आणि वादी मेलेला असल्यामुळे तो न्यायालयात उभा राहू शकत नाही.

आपल्या लोकांनी हे कुणा इंग्रजाकडून शिकण्याची गरज नव्हती. आपल्या भुतांची नावंच पाहा. समंध म्हणजे धनात जीव अडकलेला, बहुधा वारस न ठेवता मेलेला ब्राह्मण. त्याच्या पैशाला कुणी हात लावला की तो उठतो. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो. हडळ किंवा अळवंतीण म्हणजे गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई. खवीस मुसलमानाचा. देवचार वेगळ्या जातीचा. भुतांनाही जात आहे, लिंग आहे, वय आहे आणि मेल्या वेळचा आपला हक्क काय राहिला याची नोंद आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने अशा लोकसमजुती गोळा केल्या होत्या. खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांनी त्या लिहून पाठवल्या होत्या. डिसेंबर 1909 मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळी घातली, आणि पुढे एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती टिपणं पूर्ण करून छापली. कोकणचा भाग 1915 चा. राज्यकर्त्याने हे कशासाठी जमवलं तो वेगळा विषय आहे. पण माझ्यासारख्याच मास्तरांनी लिहिलेल्या त्या याद्या मी वाचतो तेव्हा मला भुतं दिसत नाहीत. मला एक रजिस्टर दिसतं. कोण कसं मेलं आणि कुणाचं काय द्यायचं राहिलं, याचं.

इथे मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगायची आहे.

आमचा वाडा सातारा जिल्ह्यातला, आता तो पडला. दिंडी दरवाजा, देवडी, ओसरी, चौक, मग माजघर, आणि माजघराला लागून एक अंधारी खोली. खिडकी नाही, वर एक झरोका. तिला सगळे बाळंतिणीची खोली म्हणत, पण माझ्या आठवणीत तिथे कुणी बाळंत झालं नाही. तिला कडी असे आणि वर अडसर. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं जमलो की मोठे दम भरत : तिकडे जाऊ नका, हडळ आहे. आम्ही दुपारी सगळे निजले की दाराला कान लावून बसत असू. आतून थंड, जुन्या धान्याचा वास यायचा. मी भयकथांच्या नादी लागलो तो त्या दारापाशी, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची असताना मी तिला त्या खोलीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "अरे, ती धाकट्या काकूची खोली. सोवळी होती बिचारी." पणजोबांच्या धाकट्या भावाची बायको. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. केशवपन झालं, आलवण आलं आणि ती खोली मिळाली. एकत्र कुटुंबातल्या विधवेला तेव्हा मिळकतीत वाटा नव्हता, होता तो फक्त अन्नवस्त्राचा हक्क. नवऱ्याचा हिस्सा विधवेला, तोही तिच्या हयातीपुरता, मिळू लागला तो 1937 च्या कायद्याने. धाकट्या काकू त्याच्या काही वर्षं आधीच गेल्या. त्या खोलीत त्या अकरा वर्षं होत्या. दळण, कांडण, सोवळ्यातला स्वयंपाक, घरातल्या सगळ्या बाळंतिणींची न्हाणी. "तापाने गेल्या म्हणतात," आत्या म्हणाली.

मी मास्तर, शब्दात अडकणारा माणूस. मी विचारलं, "मग हडळ कशी म्हणायचे, आत्या? हडळ तर बाळंतपणात गेलेल्या बाईची होते."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "ते मला नको विचारूस." त्यानंतर ती या विषयावर कधीच बोलली नाही. आता तीही नाही.

अकरा वर्षं विधवा असलेली बाई, आणि तिच्या खोलीला नाव पडलं ते बाळंतपणात मेलेल्या बाईच्या भुताचं. घरातल्या पुरुषांनी काय लपवलं ते कागदावर कुठेही नाही. कुलवृत्तांतात तर त्या काकूंचं नावदेखील नाही, नवऱ्याच्या नावापुढे 'निःसंतान' एवढंच आहे. पण घरातल्या बायकांनी मुलांना घाबरवताना भुताची जात नेमकी सांगितली. साक्ष द्यायची त्यांची तेवढीच सोय होती, असं मी मानतो. मी हे सिद्ध करू शकत नाही. मला ते सिद्ध करायचंही नाही. पण त्या दिवसापासून वाड्यातलं भूत म्हणजे निव्वळ खुळचट कल्पना, असं कुणी म्हटलं की मला ते मान्य होत नाही.

ही आमच्याच घरची गोष्ट असती तर मी ती लिहिली नसती. 1863 साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. वाट चुकलेल्या किंवा फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल इथे ठेवावं किंवा बरोबर न्यावं, अशी त्याची सोय. जोतिरावांनी 1884 मध्ये लिहिलेल्या टिपणात त्यामागची एक हकिकत आहे. त्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवलं. तिला मूल झालं, लाजेपोटी तिने ते मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. काशीबाईला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच टिपणात जोतिराव सांगतात की तोवर 35 विधवा त्यांच्या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. 35 जणी त्यांच्या दारापर्यंत पोचल्या. ज्या पोचल्या नाहीत त्यांचं काय झालं, हे गावोगावच्या आडांना ठाऊक.

आता आमच्या समितीपुढे आलेल्या कादंबरीकडे येतो. मी ती घरी नेऊन दोन रात्रींत वाचली. लेखकाला हात आहे. कडीपाटाचं छप्पर, कोनाड्यातल्या पणतीची काजळी, जिन्याची सातवी पायरी, हे त्याने छान बांधलं आहे. भूत आहे ते एका विधवेचं. पांढरं लुगडं, मोकळे केस. इथेच मी पहिल्यांदा अडखळलो. ज्या काळातला आणि ज्या घराण्यातला तो वाडा आहे तिथल्या विधवेला मोकळे केस कुठून येणार? तिचं डोकं भादरलेलं असे आणि अंगावर तांबडं आलवण असे. पांढऱ्या साडीतली, केस सोडलेली भुताची बाई आपल्याकडे सिनेमाच्या पडद्यावरून आली आणि तिने आपल्या खऱ्या बाईला पुसून टाकलं. ही चूक मला नुसती वेशभूषेची वाटत नाही. बोडकी, आलवणातली बाई अंधारातून समोर आली असती तर वाचकाच्या मनात लगेच आलं असतं की हिचे केस कुणी काढले? मग न्हावी आठवला असता, त्याला बोलावणारा दीर आठवला असता. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी एकत्र येऊन ठरवलं होतं की आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही. ज्याच्या हातात वस्तरा होता त्यालाही ते भयंकर वाटत होतं. मोकळे केस दाखवले की हा सगळा इतिहास एका फटक्यात नाहीसा होतो आणि उरते ती नुसती भेसूर बाई.

पुढे कादंबरीत हे भूत तरुण जोडप्याच्या होणाऱ्या बाळावर टपलेलं निघतं. का, तर ती बाई जिवंतपणीच मत्सरी होती, घराण्याचं वाटोळं करायला निघाली होती. वाडेकरी सज्जन, देवभोळे. शेवटी एक साधक येतो, तीन दिवसांचं अनुष्ठान करतो, आड बुजवला जातो, बाई कायमची जाते आणि जोडपं वाड्याची डागडुजी करून तिथे सुखाने नांदू लागतं. कादंबरीतला शेवटचा शब्द 'शांत' असा आहे. मी पुस्तक मिटलं तेव्हा मला धाकट्या काकू आठवल्या आणि खरोखर राग आला. तीनशे पानं खर्च करून लेखकाने तेच केलं जे त्या काळच्या कर्त्या पुरुषांनी केलं होतं. बाईलाच दोष दिला आणि आड बुजवला.

माझ्या मित्राला यातलं अनुष्ठान खटकलं, कारण ते अवैज्ञानिक आहे. मलाही खटकलं, पण माझं कारण वेगळं आहे. तो विधी मालकाच्या बाजूने आहे. समजा लेखकाने साधकाच्या जागी मानसोपचारतज्ज्ञ आणला असता, भूत हा भास ठरवला असता आणि शेवटी वाडा पुन्हा सुखाने नांदता केला असता, तर कादंबरी विवेकवादाच्या कसोटीला उतरली असती. ती बाई मात्र तशीच आडात राहिली असती, आता तर भासही ठरून.

याच्या उलट उदाहरणं आहेत. 2018 चा 'तुंबाड' हा चित्रपट हिंदीत असला तरी त्याची माती मराठी आहे. नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा त्यामागे आहे आणि त्याचं नाव श्री. ना. पेंडशांच्या खोतांच्या कादंबरीची आठवण करून देतं. त्यात देव आहे, शाप आहे, पिशाच्च आहे, भिंतीतून वाढलेली झाडं आहेत. विज्ञानाच्या तासाला त्यातलं काहीही टिकणार नाही. पण पडद्यावर भय कुठून येतं? वाड्याच्या मालकाने ठेवलेली बाई वर्षानुवर्षं एका मोहरेच्या आशेवर त्याची सेवा करते, तिथून. तिचा मुलगा मोठा होऊन तोच हावरेपणा पुढे चालवतो, तिथून. 1918 ला सुरू होणारी कथा 1947 ला येऊन पोचते आणि स्वतंत्र देशाचं सरकार वाडा ताब्यात घेणार अशी वार्ता येते, तेव्हाही त्या माणसाला सुचतं ते आणखी सोनं काढायचं. प्रेक्षकाला कुणीही उपदेश केलेला नसतो, तरी तो बाहेर पडतो तेव्हा दोष कुणाचा याबद्दल त्याच्या मनात शंका नसते. आणि भूत अजिबात नसलेलं उदाहरण हवं असेल तर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आहे. 1890 पासून 'करमणूक'मधून क्रमशः आलेली. त्यातलं यमूचं केशवपन वाचताना मला जी धडकी भरते ती कुठल्याही भयकथेने आजवर भरवलेली नाही. मराठी कादंबरीतलं सगळ्यात भयाण घर मला त्यात दिसतं, आणि तिथे जिवंत माणसांखेरीज कुणीच नाही.

यावर भयकथेचे चाहते म्हणतील, आणि तसं मला माझ्या मुलीनेच विचारलं, की बाबा, माणूस रात्री पांघरुणात शिरून वाचतो ते भ्यायला, समाजसुधारणेचा पाठ घ्यायला नाही. तिचं बरोबर आहे. धारपांच्या 'समर्थां'नी माझ्या पिढीला कित्येक रात्री जागवलं आणि त्या जागरणाचं ऋण मी मनापासून मानतो. मतकरींची कथा वाचून दिवा मालवायला मी घाबरलो आहे. भयाचा आनंद हा खराखुरा आनंद आहे, त्याला दुसऱ्या कुठल्या सबबीची गरज नाही. पण मी तिला म्हटलं, तू कधी जास्त घाबरतेस? बाहेरून आलेल्या राक्षसाला, की आपल्याच माणसांनी केलेलं काहीतरी भिंतीतून हळूहळू बाहेर येऊ लागतं तेव्हा? ती म्हणाली, दुसऱ्याला. भयकथेच्या कारागिरीचं सूत्रच ते आहे. वाड्याने काहीतरी दडवलं आहे ही जाणीव जितकी खरी, तितकी भीती खोल जाते. भुताला निव्वळ दुष्ट करून टाकलं की दडवण्यासारखं काही उरतच नाही, आणि मग लेखकाला दारं आपटावी लागतात, मांजरं अंगावर टाकावी लागतात. त्या कादंबरीचा उत्तरार्ध तसाच झाला आहे. अन्याय झाकला गेला आणि रहस्यही विझलं.

हडळीचं पुढे काय झालं, हेही पाहा. माझ्या लहानपणी गावात तीन ठिकाणी हडळ होती, आज मुलांना तो शब्दही नीट ठाऊक नाही. तिला मांत्रिकाने घालवलं नाही. पुस्तकं बंद केल्यानेही ती गेली नाही. गावात नर्सबाई आली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. 2018 ते 2020 या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या, असं सरकारी आकडा सांगतो. पूर्वी बाजेखाली निखारे ठेवलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत बायका ज्या प्रमाणात जात, त्यापुढे हा आकडा लहान आहे, आणि त्या 33 जणींसाठी तो लहान नाही. बाया मरायच्या थांबू लागल्या तशी हडळ थांबू लागली. माझ्या मित्राला मला हे सांगायचं होतं : तुम्ही आणि मी ज्या कामासाठी आयुष्य घातलं ते काम भुताचं कारण काढण्याचं आहे. भुताची गोष्ट त्या कारणाकडे बोट दाखवत असेल, तर ती आपल्याच बाजूची आहे.

म्हणून वाचनालयाने ती कादंबरी घ्यावी, असं मत मी दुसऱ्या बैठकीत दिलं. ती मला आवडली नाही, तरीही. वाचकाने मागितलेलं पुस्तक समितीने त्याच्या भल्याच्या नावाखाली अडवणं मला चालत नाही. पण त्याबरोबर मी एक मागणीही केली. या पुस्तकांवर बोलायला हवं. आपल्याकडे ललित कादंबरीवर परिसंवाद होतात, आणि सगळ्यात जास्त हाताळल्या जाणाऱ्या, पानं सुटलेल्या, पुन्हा पुन्हा बांधून घ्याव्या लागणाऱ्या भयकादंबऱ्यांवर कुणी चार ओळी लिहीत नाही. समीक्षक त्यांना साहित्य मानत नाहीत आणि कार्यकर्ते त्यांना रोग मानतात. मग वाड्यातल्या बाईवर पुन्हा पुन्हा खोटा आळ येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. माझा मित्र माझ्या मताशी सहमत झाला नाही. त्याने विरोधात मत दिलं. पण पुढच्या महिन्यात आम्ही दोघे मिळून वाचनालयात या कादंबरीवर चर्चा ठेवली आहे, आणि त्याने ती वाचायला नेली आहे.

त्या चर्चेत मी शनिवारवाड्यापासून सुरुवात करणार आहे. महाराष्ट्रातला सगळ्यात प्रसिद्ध झपाटलेला वाडा तोच. रात्री "काका, मला वाचवा" अशी हाक ऐकू येते, असं शाळकरी पोरंही सांगतात. प्रत्यक्षात नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणपतीच्या दिवसांत, भर दुपारी झाला. ते 18 वर्षांचे होते. काळोख नव्हता, चौकात ऊन होतं, आणि गारदी थकलेला पगार मागत आत शिरले होते. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, खुद्द राघोबांना दोषी धरलं, आणि त्या कटात हात असलेल्या जवळपास पन्नास माणसांची नावं निघाली. पन्नास माणसं, म्हणजे कारकून, शिलेदार, शागीर्द, गारदी. भुताच्या गोष्टीत यातलं कुणीच उरलं नाही. रामशास्त्री नाहीत, पगार नाही, ती पन्नास नावं नाहीत. एक हाक तेवढी उरली.

त्या अर्ध्या तासात वाड्यात एकूण अकरा जणं मारली गेली, असं इतिहासकार सरदेसाई लिहितात. त्यांत दोन दासी होत्या. मी त्या वाड्यात अनेकदा गेलो आहे, नारायण दरवाजापाशी उभा राहिलो आहे, वाटाड्यांकडून ती हाक कशी येते हेही ऐकलं आहे. त्या दोघींचा आवाज कुणाला आला, असं मात्र मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.